मोटारगाडींतील द्रवांची पातळी व तिची परीक्षा



मोटारगाडी हें लोखंडाचें यंत्र खरें. तथापि तिचें चालणें बहुतांशीं द्रव पदार्थांवर अवलंबून असतें. इंजिनाचें तेल घर्षण कमी करितें, कूलंट उष्णता वाहून नेतें, गिअरचें तेल दांतेरी चाकांचें रक्षण करितें, आणि ब्रेकचें तेल चालकाच्या पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोंचवितें. पुण्याहून मुंबईस जातांना बोरघाट लागतो, साताऱ्यास जातांना कात्रज व खंबाटकी लागतात, सासवडच्या वाटेवर दिवेघाट आहे. चढावर इंजिन व गिअरपेटी तापते, उतारावर ब्रेक तापतात. म्हणून आम्हां पुणेकरांस या विषयाचें ज्ञान विशेष अगत्याचें आहे.

प्रथम या परीक्षेचा हेतु ध्यानांत घ्यावा. बंदिस्त भांड्यांतील द्रव उगाच नाहींसा होत नाहीं. पातळी उतरली असेल तर तो द्रव कोठें तरी गळत असतो, जळत असतो, किंवा एखादा भाग झिजल्यामुळें खालीं गेलेला असतो. नुसती भर घातल्यानें रोग झांकला जातो, बरा होत नाहीं. यास्तव जितकी भर घालावी तितकेंच कारणहि शोधावें.

इंजिनाचें तेल पाहण्यासाठीं गाडी सपाट जागीं उभी करावी व इंजिन बंद करून पांचदहा मिनिटें थांबावें, म्हणजे वर चढलेलें तेल खालीं उतरतें. डिपस्टिक काढून फडक्यानें पुसावी, पुन्हां पूर्ण आंत घालून बाहेर काढावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्यें आहे किंवा नाहीं हें पाहावें. वरच्या खुणेपलीकडे तेल भरणेंहि अपायकारकच होय. कारण फिरत्या दांड्यानें तें घुसळलें जाऊन फेंस होतो व फेंसानें वंगण नीट होत नाहीं. तेल दुधाळ दिसल्यास त्यांत पाणी शिरल्याचा संशय घ्यावा.

कूलंटची पातळी इंजिन थंड असतां टाकीवरील दोन रेघांच्या मध्यें असावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींहि उघडूं नये. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे; येथें उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें ९८ अंश सेल्सिअसला उकळतें. रेडिएटरांत मात्र झांकणाच्या दाबामुळें कूलंट शंभर अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. झांकण काढतांच तो दाब जातो, द्रव एकदम उकळून उसळतो व तोंड, हात भाजतात. टाकींत विहिरीचें किंवा बोअरचें पाणी घालूं नये. त्यांतील क्षारांचा थर नळ्यांत बसतो.

आतां गिअरपेटीकडे वळूं. हातानें गिअर बदलण्याच्या पेटीस बहुधा डिपस्टिक नसते. तिच्या कुशीस एक बूच असतें. गाडी सपाट असतां तें काढलें तर बहुतेक पेट्यांत तेल छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत आलेलें असावें. स्वयंचलित पेटीची गोष्ट निराळी आहे. तींत तेल वंगणाचें काम तर करितेंच, परंतु इंजिनाची शक्तिहि टॉर्क कन्व्हर्टरमधून तेंच पुढें नेतें आणि आंतील क्लचच्या चकत्याहि त्याच्याच दाबानें आवळल्या जातात. पातळी उतरली कीं पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब घटतो, चकत्या घसरतात व अखेर जळतात.

ज्या स्वयंचलित गाडीस या तेलाची डिपस्टिक असते, तींत परीक्षेची रीत बहुधा इंजिनाच्या तेलाच्या उलट असते. गाडी कांहीं वेळ चालवून तेल तापूं द्यावें. सपाट जागीं हातब्रेक ओढून, इंजिन चालूच ठेवून व पायानें ब्रेक दाबून, दांडा प्रत्येक स्थानांतून फिरवीत ‘पार्क’वर आणावा, आणि मग पातळी पाहावी. कांहीं कंपन्या इंजिन बंद करून पाहण्यास सांगतात. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच अखेरचा आधार समजावा. तेल काळपट होऊन त्यास करपट वास येत असेल तर चकत्या जळूं लागल्या असें जाणावें. अलीकडील पुष्कळ गाड्यांत ही डिपस्टिकच नसते. तेल ठराविक उष्णतेस आणून बुचाच्या वाटे पातळी पाहावी लागते, व तें काम गॅरेजमधील जाणत्या कारागिरावरच सोंपवावें. २०१४ सालीं मारुति सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या ए.एम.टी. पद्धतींत पेटी साध्या गाडीचीच असते, पण क्लच व गिअर हलविणाऱ्या यंत्रणेचें तेल वेगळें असतें. एका जातीचें तेल दुसऱ्या जातीच्या पेटींत घालणें म्हणजे तिचा नाश ओढवून घेणें होय.

सर्वांत अधिक दक्षता ब्रेकच्या तेलाविषयीं हवी. त्याची पातळी दोन कारणांनीं उतरते: ब्रेकचे पॅड झिजल्यामुळें, किंवा गळतीमुळें. पहिलें कारण सावकाश घडतें, दुसरें प्राणघातक ठरूं शकतें. शिवाय हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीच्या नव्या तेलाचा उकळबिंदु किमान २०५ अंश असतो, सुमारें ३.७ टक्के पाणी मिसळलें असतां तो १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यानें असें जुनें तेल उकळतें, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खालपर्यंत गेला तरी गाडी थांबत नाहीं. पातळी पूर्ण असूनहि हा धोका असतो! म्हणून पुष्कळ कंपन्या हें तेल दर दोन वर्षांनीं बदलण्यास सांगतात.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सर्वांस ठाऊक आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं तेथें एका अवजड वाहनानें कित्येक वाहनांस धडक दिली. अशा उतारावर इंधन वांचविण्यासाठीं गिअर काढून गाडी सोडणें हा आत्मघात होय. कारण मग इंजिनाचा अटकाव नाहींसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. इंजिनच बंद केलें तर ब्रेकला मिळणारें साहाय्यहि दोनचार वेळां दाबल्यावर संपतें. खालच्या गिअरमध्येंच उतरावें.

शेवटीं एक सोपा अभ्यास सांगतों. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरावा व सकाळीं डाग पाहावेत. काळा डाग बहुधा इंजिनाच्या तेलाचा, तांबडा बहुधा स्वयंचलित पेटीच्या तेलाचा, हिरवा किंवा गुलाबी बहुधा कूलंटचा. चाकाजवळचा फिकट डाग ब्रेकच्या तेलाचा असूं शकतो, व तो दिसल्यास गाडी हलवूंच नये. वातानुकूलित यंत्राचें स्वच्छ पाणी ठिबकलें तर भिण्याचें कारण नाहीं. काढलेलें जुनें तेल गटारांत ओतूं नये. तें अखेर मुळामुठेंतच जातें. एका वहींत दिनांक, किलोमीटर व प्रत्येक द्रवाची पातळी दरमहा लिहून ठेवावी. मागील पान व आजचें पान शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे कोणता द्रव किती वेगानें उतरतो हें कळतें, आणि घाट चढण्यापूर्वींच त्याचें कारण शोधतां येतें.