मादुरोडामची चिमुकली नगरी

नेदरलँड्स देशातील हेग शहरात मादुरोडाम नावाची एक चिमुकली नगरी आहे. जॉर्ज मादुरो या वीर तरुणाचे ते स्मारक होय. दुसऱ्या महायुद्धात तो आपल्या देशासाठी लढला आणि १९४५ साली डाखाऊच्या बंदिछावणीत मरण पावला. या नगरीच्या उभारणीसाठी त्याच्या आईवडिलांनी धन दिले. १९५२ साली ती सर्वांसाठी खुली झाली.

तेथे मनोरे, कालवे, पूल, आगगाड्या असे सर्व काही आहे. परंतु प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी व उंची मूळ वस्तूच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी आहे. यालाच १:२५ हे प्रमाण म्हणतात.

उत्रेख्त येथील डोम मनोरा सुमारे ११२ मीटर उंच आहे. या प्रमाणात तो सुमारे साडेचार मीटरांचा होतो. मग त्याच्या पायथ्याशी १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस केवढा दाखवावा? अवघा ७ सेंटिमीटर! तो १४ सेंटिमीटरांचा केला, तर मनोरा निम्म्याच उंचीचा भासेल आणि त्याची भव्यता लोपेल. म्हणून एका देखाव्यातील सर्व वस्तूंचे प्रमाण एकच असावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. लांबी पंचविसाव्या हिश्शावर आली, की क्षेत्रफळ ६२५व्या आणि घनफळ १५,६२५व्या हिश्शावर येते.

मुलांनो, तुमच्या शाळेचे दार मोजा. १:२५ या प्रमाणात ते केवढे होईल, ते काढून पाहा. दोन मीटर उंचीचे दार ८ सेंटिमीटरांचे होईल. आता त्याला शोभेल अशी खिडकी तुम्हीच ठरवा!