घर हेच पहिले विहार
(कुटुंबाच्या रविवार-वंदनेचा पाठ)



आजचा पाठ एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांतून माणसे शिदोरी बांधून, पांढरी वस्त्रे नेसून गेली. परत आल्यावर त्यांनी देव्हारे उठवले. कुणी देव नदीत सोडले, कुणी विहिरीत टाकले. घरातला एक कोपरा मोकळा झाला. त्या मोकळ्या कोपऱ्यात आज काय आहे?

आपण म्हणाल, तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांचे छायाचित्र आहे. ठीक आहे. पण त्यांच्यापुढे आपले कुटुंब एकत्र कधी बसते? १४ एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला, अशोक विजयादशमीला आणि घरात लग्न किंवा मरण असले म्हणजे. एरवी छायाचित्रावर धूळ बसते, आणि घरातले सहा-सात वर्षांचे पोर शेजारच्या आरतीत टाळ्या वाजवून हातावर प्रसाद घेऊन येते. आपण त्याच्यावर रागावतो. त्या पोराचा दोष काय? शेजारी दिवा आहे, गाणे आहे, गोड खाऊ आहे, सगळी माणसे एका जागी आहेत. आपल्या घरात त्याला "तिकडे जाऊ नको" एवढेच ऐकू येते. नुसत्या नकारावर मूल वाढत नाही.

ज्या आजोबांनी दीक्षा घेतली त्यांना आपण काय सोडले आणि का सोडले हे पुरते ठाऊक होते. मागून आणलेल्या शिळ्या भाकरीची आणि मेल्या ढोराच्या ओझ्याची आठवण त्यांच्या अंगावर होती. नातवाच्या अंगावर ती नाही. ती नसावी यासाठीच तर सारा लढा होता. मग नातू बौद्ध कशाने होणार? शाळेच्या दाखल्यावरील एका शब्दाने? बाबासाहेबांनी जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था झिडकारली. त्यांच्या अनुयायाच्या घरात मूल नुसत्या जन्माने बौद्ध ठरावे, हे कसे शोभेल? त्याची दीक्षा त्याला घरात, थोडी थोडी, दर आठवड्याला मिळाली पाहिजे.

१. रविवारच का?

आपली उपोसथाची परंपरा पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीची आहे. रविवार हा काही पवित्र वार नव्हे. आपल्यात कोणताच वार शुभ नाही, कोणताच अशुभ नाही. रविवार सोयीचा आहे, एवढेच. ही सोयसुद्धा फुकट मिळालेली नाही. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. म्हणजे हा दिवस कष्टकऱ्यांनी लढून मिळविला आहे. तो पत्त्यांच्या डावात घालवावा काय, याचा विचार आपणच करावा.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशात रंगूनला गेले होते. भारतात धम्माचा प्रसार कसा करावा याविषयी त्यांनी तेथील बुद्ध शासन कौन्सिलला एक निवेदन दिले. त्यात दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना व्हावी आणि तिच्यामागून प्रवचन व्हावे, अशी सूचना आहे. दीक्षेच्या दोन वर्षे आधीच त्यांच्या मनात रविवारची योजना होती. श्रीलंकेत तर रविवारच्या धम्मशाळांची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. तेथे पांढऱ्या गणवेशातली मुले रविवारी सकाळी विहारात धम्म शिकायला जातात.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. आपला जिल्हा कापसाचा. येथे शेतमजुराला रविवारची सुटी ठाऊक नाही. वेचणीच्या दिवसांत आई पहाटे भाकरी बांधून वावरात जाते, तान्हे लेकरू झोळीत आणि मोठे कपाशीच्या ओळीत. पुसद-उमरखेडकडचा माणूस हंगामात घर बंद करून बाहेरगावी कामाला जातो. अशांनी काय करावे? त्यांनी रविवारची संध्याकाळ धरावी. तीही जमत नसेल तर गावच्या बाजाराचा दिवस धरावा, कारण त्या दिवशी मजूर बहुधा लवकर घरी येतो. घर सोडून गेलेल्यांनी पालावर वंदना घ्यावी. वार कोणताही असो, नेम मोडू नये.

कुणी विचारील, आपल्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन होतेच, मग हे कशाला? होते, आणि ते फार चांगले आहे. पण वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तीन महिने. त्यानंतर ग्रंथ पुन्हा कापडात बांधला जातो. उरलेल्या नऊ महिन्यांचे काय? शिवाय विहारात मूल आईच्या मांडीवर झोपी जाते. घरी ते प्रश्न विचारते.

२. वंदना कशी घ्यावी?

घर झाडून घ्यावे. सर्वांनी हातपाय धुऊन स्वच्छ, जमल्यास पांढरे कपडे घालावेत. मोबाईल आणि दूरदर्शन संच बंद ठेवावेत. एक मेणबत्ती, दोन अगरबत्त्या आणि अंगणातली चार फुले पुरेत. विकतचा हार नको. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मानेवर कर्ज आहे, तेथे वंदनेसाठी पैसा लागता कामा नये.

मेणबत्ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने लावावी, मोठ्याने त्याचा हात धरावा. फुले मुलीने ठेवावीत. त्या वेळी सांगावे, "हे फूल उद्या कोमेजेल; सगळेच बदलते, म्हणून आज चांगले वागायचे." अनित्यतेचा पहिला पाठ एवढाच असतो. त्यानंतर त्रिशरण आणि पंचशील म्हणावे. पालीतून झाल्यावर प्रत्येक शीलाचा मराठी अर्थ एकाने सांगावा. अर्थावाचून पाठांतर झाले तर पोथी बदलली आणि पोपट तोच राहिला, असे होईल.

लहान मूल मध्येच हसेल, उठेल, मेणबत्ती फुंकील. त्याला मारू नये, डोळे वटारू नयेत. त्याला वंदनेची भीती वाटली, तर ते मोठेपणी वंदना सोडील. दहा मिनिटे बसले तरी पुष्कळ झाले.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. आपण बुद्धाजवळ काही मागत नाही. परीक्षेत पास कर, पाऊस पाड, असे त्यांना म्हणत नाही. तथागतांनी स्वतःला मार्ग दाखविणारा म्हटले, मोक्ष देणारा म्हटले नाही. वाट त्यांनी दाखविली, चालायचे आपल्याला आहे.

३. एकत्र जेवण

वंदनेनंतर सर्वांनी एका पंगतीत जेवावे. जेवणाला आपल्या इतिहासात फार मोठा अर्थ आहे. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचा उपदेश केला. आपल्या कष्टाची ताजी भाकर आपल्या ताटात असणे, हीच केवढी क्रांती आहे! हे मुलांना भाकर वाढतानाच सांगावे.

प्रतिमेपुढे नैवेद्य दाखवू नये. बुद्ध आपल्या घरी जेवायला येत नाहीत. त्याऐवजी स्वयंपाकाआधी मुलाच्या हाताने मूठभर ज्वारी किंवा तांदूळ एका डब्यात वेगळे काढावेत. महिना भरला की ते विहाराला किंवा वस्तीतल्या आजारी, निराधार माणसाला द्यावेत. मुलाला दान शब्द शिकवावा लागणार नाही, त्याच्या हाताला तो कळेल.

काय रांधावे? ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, आंबाडीची किंवा वांग्याची भाजी आणि जमले तर गुळाची खीर. खिरीबरोबर सुजातेची गोष्ट सांगावी. सिद्धार्थाने उरुवेलेला सहा वर्षे देह झिजविला. उपाशी देहाने सत्य सापडत नाही, हे कळल्यावर त्याने सुजातेची खीर स्वीकारली. म्हणून आपण उपासतापास करत नाही आणि कर्ज काढून पक्वान्नेही करत नाही. दोन टोके सोडून मधली वाट धरणे म्हणजे काय, हे खिरीच्या वाटीवरून पोराला समजते.

मात्र येथे पुरुष बांधवांना एक सांगणे आहे. आठवडाभर वावरात राबलेल्या बाईला रविवारी आणखी दोन भाज्या जास्त कराव्या लागत असतील, तर तो रविवार तुमचा झाला, तिचा झाला नाही. तुम्ही पाणी भरा, भाजी निवडा, ताटे घासा. मुलांना तुरीच्या शेंगा सोलायला बसवा. आणि घरच्या बाईला शेवटी, उरलेल्यावर जेवू देऊ नका. ती पंगतीत बसली पाहिजे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत पत्नीचा मान राखणे आणि घराचा अधिकार तिच्या हाती देणे ही दोन आहेत. समता मंचावर बोलायला सोपी आहे. तिची परीक्षा चुलीजवळ होते.

४. मुलांचा पाठ

जेवण झाल्यावर पंधरा मिनिटे गोष्ट. गोष्टींसाठी दूर जायला नको. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच खंडात मुलांसाठी सोने आहे. बालपणी सिद्धार्थ मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर गेला. तेथे अपुऱ्या कपड्यांत, रणरणत्या उन्हात मजूर राबत होते. एकाने दुसऱ्याच्या श्रमावर जगणे योग्य आहे काय, असा प्रश्न त्याला पडला. ही गोष्ट वेचणीला जाणाऱ्या आईच्या मुलाला सांगून पाहा. बुद्ध आपल्याच बांधावर उभे होते असे त्याला वाटेल. देवदत्ताने बाण मारलेल्या पक्ष्याची गोष्ट आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, ती गोष्ट आहे. विहिरीच्या पाण्यावरून भांडणारी माणसे पाहिलेल्या मुलाला ती सहज कळते.

एक पाठ करूनच दाखवावा. राहुल लहान असताना तथागतांनी त्याला खोटे न बोलण्याची शिकवण पाण्याच्या भांड्यावरून दिली. तांब्यात थोडे पाणी ठेवून मुलाला दाखवावे : जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचा चांगुलपणा इतका थोडा असतो. मग ते पाणी ओतून द्यावे : तो असा फेकला जातो. तांब्या उपडा करावा : असा पालथा होतो. उलटून रिकामा दाखवावा : असा पोकळ होतो. थट्टेतही खोटे बोलू नये, असे तथागत म्हणाले. पण सावध! हा पाठ देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दारात सावकार आला असता, "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असे पोराला सांगू नये. मूल तांब्याकडे पाहील आणि मग तुमच्याकडे पाहील.

५. वर्षाचा अभ्यासक्रम

दर रविवारी एकच विषय घ्यावा. पाच शीले पाच रविवार. बावीस प्रतिज्ञा बावीस रविवार. आर्य अष्टांगिक मार्ग आठ रविवार. दहा पारमिता दहा रविवार. सिगालोवाद सुत्तातील सहा दिशा, म्हणजे आईवडील, गुरू, पत्नी-मुले, मित्र, कामकरी आणि श्रमण यांच्याविषयीची कर्तव्ये, सहा रविवार. ही बेरीज एकावन्न होते. वर्षाचा बावन्नावा रविवार मुलांचा. त्या दिवशी मोठ्यांनी गप्प बसावे आणि मुलांनी सांगावे. त्यांनी काय धरून ठेवले, ते त्या दिवशी कळेल.

६. रविवारचा शत्रू

शेवटी कडू बोलतो. अनेक घरांत रविवार म्हणजे बाटली. दारू न पिण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे, पंचशीलात आहे, तरी ती सर्वांत आधी मोडते. सिगालाला तथागतांनी संपत्ती नासण्याची सहा दारे सांगितली : मद्य, अवेळी भटकणे, तमाशे-जत्रा, जुगार, वाईट संगत आणि आळस. पहिले दार मद्याचे. सकाळी पंचशील म्हणून संध्याकाळी झोकांड्या खात येणारा बाप मुलाला एकच पाठ देतो : पंचशील हे म्हणण्यासाठी असते, पाळण्यासाठी नसते. पुढे कोणत्याही विहारातला कोणताही उपदेशक हा पाठ पुसू शकत नाही. ज्याला एकदम सुटत नाही त्याने वंदनेच्या दिवसापासून सुरुवात करावी. एक रविवार कोरडा जाऊ द्यावा, मग दुसरा. ज्या घरात मुले बापाची वाट आनंदाने पाहतात, त्या घरचा बाप गुत्त्याकडे जाताना एकदा तरी थांबतो.

बंधु-भगिनींनो, विहार बांधायला जागा लागते, वर्गणी लागते, कमिटी लागते आणि कमिटीत भांडणे होतात. घरातले विहार मात्र येत्या रविवारी उघडता येते. एक मेणबत्ती, एक पंगत, एक गोष्ट. देव्हारा उठलेल्या त्या मोकळ्या कोपऱ्यात आपल्या लेकरांचा आवाज भरू द्या.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :

१) आपल्या घरात दीक्षा कोणी आणि कधी घेतली? ती आठवण मुलांना सांगितली आहे काय?
२) नैवेद्य आणि दान यांत फरक कोणता?
३) मागच्या आठवड्यात कोणते शील आपल्याकडून मोडले? (उत्तर आधी मोठ्यांनी द्यावे.)
४) आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? का?

नमो बुद्धाय! जय भीम!