फुटपाथवरचं गाइडबुक आणि भूतानचा हिशेब

प्रश्न : येत्या ऑक्टोबरात आम्हा दोघांना कमी खर्चात भूतान करायचं आहे. फोर्टच्या फुटपाथवर लोनली प्लॅनेटचं दहा वर्षांपूर्वीचं गाइडबुक स्वस्तात मिळालं. त्यावर भिस्त ठेवावी का?
— एक वाचक, दिवा (पूर्व)

उत्तर : पुस्तक घेतलंत ते उत्तम, पण बजेट त्यावर मांडू नका. तेव्हा भारतीयांना भूतानमध्ये रोजचं शुल्क नव्हतं. आता माणशी दर रात्रीचे 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क लागतं. दोघांचे सहा रात्रींचे झाले 14,400, अजून हॉटेल-जेवण बाकीच! शुल्क, परमिट, गाइडची सक्ती हे सगळं तिकीट काढण्याआधी भूतानच्या पर्यटन खात्याच्या वेबसाइटवर पाहा. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबू नका.

मग जुनं पुस्तक कशाला? डोंगर जागचे हलत नाहीत म्हणून. थिंफू सुमारे 2,300 मीटरवर आणि पारोजवळचा तक्त्सांग मठ 3,120 मीटरवर. खोऱ्यातून जवळजवळ 900 मीटरची चढण. हे आकडे शेजारी ठेवले की आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी मठ चढायचा बेत आपोआप मागे पडतो. मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, दम कुठे लागेल ते सांगत नाही. हवामानाचं पानही अजून खरं आहे : जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात आभाळ मोकळं. महिना बरोबर निवडलात. रेल्वेनं जाणार असाल तर सरहद्दीवरच्या जयगावसाठी हासीमारा स्टेशन लक्षात ठेवा. पलीकडे लगेच फुंतशोलिंग. भूतानी चलन रुपयाच्या बरोबरीचं, त्यामुळे गुणाकार-भागाकाराची कटकट नाही.

आणखी पुस्तकं विकत घेण्याआधी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय (1893) किंवा कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (1864) गाठा. दोन्ही दिव्याहून लोकलनं हाकेच्या अंतरावर, गाडीत शिरता आलं तर! तिथली प्रवासवर्णनं दरांसाठी नव्हे, काय पाहायचं ते ठरवण्यासाठी वाचा.

शेवटची युक्ती जरा आगाऊ आहे. ठाणे-डोंबिवलीतल्या दोन-तीन टूर कंपन्यांची भूतानची पत्रकं आणा. कुठे किती रात्री मुक्काम, याचा सांगाडा फुकटात मिळतो. मात्र ‘समाविष्ट नाही’ हा बारीक अक्षरातला रकाना आधी वाचा. आपल्या खिशातून जाणारे खर्च बहुधा तिथेच सापडतात.