बॅरल दहा डॉलरनं महागलं, तर ईट गावात किती द्यायचे?

कच्चं तेल महागल्याची बातमी आली की नांगरटीचा भाव वाढतो, खव्याच्या टेम्पोचं भाडंही वाढतं. वाढ रास्त आहे की नाही, हे आपण क्वचितच मोजतो. मोजायला हवं, कारण हिशेब सोपा आहे.

एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल असतं. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर बॅरलमागचे १० डॉलर म्हणजे लिटरला ५ रुपये ३५ पैसे. त्यावर राज्याचा व्हॅट टक्केवारीनं लागतो. जुलै २०२४ मध्ये ठरलेल्या दरानं तो पेट्रोलवर २५ आणि डिझेलवर २१ टक्के. (पेट्रोलवर शिवाय लिटरला ५ रुपये १२ पैसे आहेत, पण ते ठरावीक.) केंद्राचं उत्पादन शुल्कही लिटरमागे ठरलेलं, ते तेलाबरोबर हलत नाही. म्हणजे पेट्रोलला साधारण ६ रुपये ७० पैसे, डिझेलला साडेसहा रुपये.

आता वापर मोजा. मोटारसायकलला महिन्याला २० लिटर लागत असेल, तर वाढ १३४ रुपयांची. नांगरटीला एकरी ८ लिटर डिझेल जात असेल, तर वाढ ५२ रुपयांची. ट्रॅक्टरवाला डिझेलचं कारण सांगून एकरी २०० वाढवत असेल, तर लिटर विचारा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. त्याची मजुरी, दुरुस्ती महागली असेल तर ते वेगळं बोलता येतं.

उलट बाजू जास्त टोचते. तेल उतरलं की पंपावरचा भाव उतरतोच असं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभर तेल कोसळलं आणि मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं. स्वस्ताई तिथंच अडली. भाव रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे, तरी नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ तेल भडकत असताना पंपावर भाव गोठलेला होता. मग २२ मार्चपासून पंधरवड्यात १० रुपये वाढले.

गावागावांत फरक पडतो तो वाहतुकीमुळे. परभणीत पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या येत, कारण टँकर सुमारे ३०० किलोमीटरवरच्या मनमाडहून येई.

भाव आपल्या हातात नाही, माप आहे. शंका आली तर पंपावरचं ५ लिटरचं शिक्क्याचं माप मागा. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं, तर पावती घेऊन वैधमापन कार्यालयात तक्रार करा.