काळी नदी म्हणजे घाण नदी?

काळं पाणी म्हटलं की आपल्याला आधी अंदमान आठवतं. आम्हां सिव्हिलवाल्यांना विचाराल तर एन्व्हायर्न्मेंटलचं पुस्तक आठवतं, कारण तिथे 'ब्लॅकवॉटर' म्हणजे संडासातून येणारं सांडपाणी! पण भूगोलात हाच शब्द अगदी वेगळ्या गोष्टीसाठी वापरतात. जगात कितीतरी नद्या अशा आहेत, ज्यांचं पाणी मुळातच काळं आहे. काठावर कारखाना नाही, गटार नाही, तरीही काळं. या नद्यांबद्दल वाचायला लागले आणि वाचतच गेले. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं ते इथे मांडते आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द येतील. सांभाळून घ्या!)

दोन चहांची भेट

या सगळ्या नद्यांची राणी म्हणजे दक्षिण अमेरिकेतली रिओ नेग्रो. पोर्तुगीज भाषेत नावाचा अर्थच 'काळी नदी'. 1542 मध्ये ॲमेझॉनमधून प्रवास करणाऱ्या ओरेयाना या स्पॅनिश सरदाराने तिला हे नाव दिलं. ती कोलंबियात उगम पावते आणि सुमारे 2,250 किमी वाहून ब्राझीलमधल्या मनाउस शहराजवळ ॲमेझॉनला मिळते. तिचं खोरं जवळपास 7 लाख चौरस किमी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं!

मनाउसजवळ ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला सोलिमोइश म्हणतात. तो अँडीज पर्वतातला गाळ घेऊन येतो, म्हणून त्याचा रंग आपल्या कॅन्टीनच्या दुधाळ चहासारखा. आणि रिओ नेग्रो म्हणजे बिनदुधाचा कोरा चहा. हे दोन्ही प्रवाह सुमारे 6 किमी शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. मध्ये रेघ ओढल्यासारखी दिसते. यात जादू काही नाही, सरळ फ्लुइड मेकॅनिक्स आहे. सोलिमोइशचा वेग जास्त आणि गाळामुळे घनताही जास्त. रिओ नेग्रो संथ आणि किंचित उबदार. त्यामुळे दोघांना एकजीव व्हायला वेळ लागतो.

रंग येतो कुठून?

कोरा चहा ही नुसती उपमा नाही, रेसिपीसुद्धा तीच आहे. जंगलातली पानं, फांद्या, साली पाण्यात पडतात, अर्धवट कुजतात आणि त्यातून टॅनिन, ह्यूमिक ॲसिड, फुल्विक ॲसिड असे पदार्थ पाण्यात उतरतात. ते निळा प्रकाश जास्त शोषून घेतात. म्हणून ग्लासात घेतलं तर पाणी सोनेरी-तपकिरी दिसतं आणि खोल पात्रात एकदम काळं.

आता तुम्ही म्हणाल, पाऊस आपल्या सह्याद्रीतही धो धो पडतो, पालापाचोळाही भरपूर असतो. मग आपल्या नद्या काळ्या का नाहीत? उत्तर मातीत आहे. बेसॉल्ट खडक झिजून जी माती तयार होते तिच्यात चिकणमाती आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइड्स भरपूर असतात. ती हे सेंद्रिय पदार्थ पकडून ठेवतात. रिओ नेग्रोच्या खोऱ्यात मात्र बऱ्याच भागात पांढरी, धुतल्यासारखी वाळू आहे. वाळू काहीच पकडत नाही, सगळा 'चहा' थेट नदीत! जिथे वाळूऐवजी दलदल असते तिथेही हेच होतं, कारण पाणी साचून राहतं आणि पानं महिनोन्‌महिने मुरत राहतात.

जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर

खरं आश्चर्य पुढे आहे. दिसायला काळं असलेलं हे पाणी क्षारांच्या दृष्टीने कमालीचं शुद्ध असतं. रिओ नेग्रोची कंडक्टिव्हिटी सेंटिमीटरला 10 मायक्रोसीमेन्सच्या आसपास, म्हणजे जवळपास पावसाच्या पाण्याइतकी. कॅल्शियम, मॅग्नेशियम नावाला. पीएच साधारण 4 ते 5, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी.

त्यामुळे इथली जीवसृष्टीही वेगळी. शंखासाठी कॅल्शियम नाही म्हणून गोगलगायी कमी. डासही कमी! 1800 साली हुम्बोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ या भागात फिरला, तेव्हा काळ्या पाण्याजवळ डासांचा त्रास नसल्याची नोंद त्याने केली होती. पाण्यात पोषण इतकं कमी की अशा नद्यांना तिकडे 'उपासमारीच्या नद्या' म्हणतात. तरीही रिओ नेग्रोच्या खोऱ्यात माशांच्या 1,100 हून जास्त जाती आहेत. त्या जगतात जंगलाच्या जिवावर. पुरात जंगल पाण्याखाली गेलं की मासे झाडांमधून फिरत फळं, बिया, किडे खातात. थोडक्यात, मेस जंगलात आणि हॉस्टेल नदीत.

त्यातला एक मासा तुम्ही नक्की पाहिला असेल. ॲक्वेरियमच्या दुकानात लाल-निळा चमकणारा कार्डिनल टेट्रा असतो ना, तो इथलाच. आपल्याकडचे हौशी लोक टाकीत देशी बदामाची वाळलेली पानं टाकून पाणी तपकिरी करतात, ते त्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून.

लॅबमध्ये काय दिसेल?

समजा, रिओ नेग्रोचं आणि नाल्याचं पाणी न सांगता तुमच्या टेबलावर ठेवलं. दोन्ही काळपट, दोन्हींचा सीओडी वाढलेला. मग फरक कसा ओळखायचा? बीओडी करून बघा. सांडपाण्यातले पदार्थ जिवाणू भराभर खातात, म्हणून बीओडी जास्त. ह्यूमिक पदार्थ जिवाणूंना सहज पचत नाहीत, म्हणून बीओडी कमी. आपल्याकडच्या शहरी नद्या काळ्या होतात त्यामागचं रसायनच वेगळं आहे. तिथे सांडपाण्यामुळे ऑक्सिजन संपतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि लोहाशी मिळून काळं आयर्न सल्फाइड बनतं. वासावरूनच कळतं!

पण काळ्या नदीचं पाणी निरुपद्रवी आहे म्हणून सरळ क्लोरीन घालून नळाला सोडलं तर? तेही चालणार नाही. नेदरलँड्समधल्या रूक या रसायनशास्त्रज्ञाने 1974 मध्ये दाखवलं की पाण्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. म्हणून आधी तुरटीसारख्या कोॲग्युलंटने हा रंग शक्य तेवढा काढायचा, क्लोरीन नंतर. आपली आजी मडक्यात तुरटी फिरवायची, त्याचंच हे मोठं रूप.

इंजिनीअर्सनी काय केलं?

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतात, पीटच्या मोठ्या दलदली आहेत. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साचत गेलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. सेबांगाऊसारख्या काळ्या नद्या या दलदलीतूनच निघतात. 1990 च्या दशकात सरकारने ठरवलं की ही 'पडीक' दलदल कोरडी करायची आणि 10 लाख हेक्टरवर भातशेती करायची. 1996 मध्ये काम सुरू झालं. 4,000 किमीहून जास्त लांबीचे कालवे खोदले गेले. सर्व्हे, लेव्हलिंग, एक्स्कॅव्हेशन, सगळं आपणच शिकतो ते.

भात जवळपास पिकलाच नाही, कारण माती आम्लधर्मी आणि निकस. पण कालव्यांनी पाणी मात्र काढून घेतलं. पाणी गेलं की पीट म्हणजे नुसतं सरपण. 1997 मध्ये एल निनोचा दुष्काळ पडला आणि आग लागली. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. 2002 मधल्या एका अभ्यासानुसार त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेला. 1999 मध्ये योजना गुंडाळली. 2015 मध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या. मग 2016 मध्ये पीट जमिनी पूर्ववत करण्यासाठी सरकारने वेगळी संस्थाच काढली. तिचं एक मुख्य काम कोणतं? कालव्यांवर बांध घालून ते अडवणं!

रंग तोच, वय वेगळं

अशी वेळ येण्याआधी नदी काही इशारा देते का? देते, पण डोळ्यांना दिसत नाही. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी बोर्निओतल्या अशा नद्यांच्या पाण्यातल्या कार्बनचं वय मोजलं. शाबूत दलदलीतून येणारा कार्बन ताज्या पानांचा होता. कालवे खोदलेल्या दलदलीतून येणारा शेकडो ते हजारो वर्षं जुना. दोन्ही पाणी काळंच, पण पहिली नदी व्याज खर्च करत होती आणि दुसरी मुद्दल.

आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यात रुकी नावाची नदी आहे. 2023 मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ रिओ नेग्रोच्या दीडपट आहेत. जगातल्या सर्वांत काळ्या मोठ्या नद्यांपैकी ती एक. तिच्या काठीही पीट आहे. काँगो खोऱ्यातल्या पीटमध्ये मिळून सुमारे 30 अब्ज टन कार्बन साठलेला असल्याचा अंदाज 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता. दिलाशाची गोष्ट अशी की रुकीतला कार्बन बहुतांशी ताजा निघाला. म्हणजे तिथलं मुद्दल अजून शाबूत आहे. कोणी कालवे खोदले नाहीत तर ते तसंच राहील.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर एखाद्या दलदलीचा, खाजणाचा किंवा पाणथळ जागेचा नकाशा येईल. त्यावर 'पडीक जमीन' असं लिहिलेलं असेल आणि पाणी काढून टाकायचं डिझाइन मागितलेलं असेल. सही करण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा : या पाण्याचा रंग आला कुठून? आणि हे पाणी इथून गेलं तर खाली काय उघडं पडेल?

– टी. ई. सिव्हिल