कॉम्प्युटरची सीट विकत घेण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की ठाण्यात, माजिवड्यातल्या पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, पर्सेंटाइल कमी आलंय, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊन टाकू का?" माझं उत्तरही ठरलेलं: नको, कर्ज काढून तर मुळीच नको. आयटी, एआय, डेटा सायन्सचे सल्ले सोसायटीत फुकट मिळतात. मी केमिकल इंजिनिअरिंगबद्दल बोलते, कारण त्याबद्दल कोणी विचारतच नाही.

एक उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० वर आली. माजिवडा नाक्यावर तासन् तास अडकणाऱ्या आपल्या फुप्फुसांसाठी ही साधी गोष्ट नाही. रिफायनरीत गरम डिझेल हायड्रोजनसह, मोठ्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून सोडतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतो आणि पुढे क्लॉस प्रक्रियेत त्याचा पुन्हा पिवळा गंधक बनवतात. शेवटचा गंधक सगळ्यात चिवट. डिझेलमधल्या डायबेन्झोथायोफीन गटातल्या काही रेणूंत गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट असतात, ते उत्प्रेरकाला जवळ येऊ देत नाहीत. त्यात उत्प्रेरक जुना होत जातो, तसतसं तापमान थोडं थोडं चढवावं लागतं. किती आणि कधी, हे ठरवायला केमिकलवालाच लागतो. आपल्या जवळ, माहुलला, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम अशा दोन रिफायनऱ्या आहेत.

डोंबिवलीचे पालक लगेच स्फोटांची आठवण करून देतात. मे २०२४ मध्ये तिथल्या एमआयडीसीत झालेला स्फोट मी विसरलेले नाही. धोका खराच आहे. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून प्लांटवर अंगावर डिटेक्टर लावून फिरतात. रात्रपाळीही असते. पण म्हणूनच तिथे प्रक्रिया नीट शिकलेली माणसं हवीत. आणि "मुलीला प्लांटवर पाठवायचं?" हा प्रश्न कृपा करून तिच्यासमोर विचारू नका.

वाटा थोडक्यात: माटुंग्याची आयसीटी, लोणेरेचं आंबेडकर विद्यापीठ, दहावीनंतर केमिकलचा डिप्लोमा आणि मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, नाहीतर आयटीआयचा दोन वर्षांचा एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड. रसायनशास्त्राचा कंटाळा असेल, तर यातलं काहीही नको.

माझ्यासमोर मुलं गप्प बसतात, आईवडीलच बोलतात. यंदा कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म मुलांना स्वतः भरू द्या. तुम्ही फी आणि होस्टेलचं बघा.