छायाचित्रातील छाया

'फोटोग्राफी' या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असा आहे. आपल्या भाषेने मात्र हीच कला सावलीच्या नावाने ओळखली. व्यक्तिचित्रापुरता तरी आपला 'छायाचित्र' हा शब्द अधिक मार्मिक म्हटला पाहिजे. समोरून भरपूर उजेड पाडला, की नाक, गाल, कपाळ सारे सपाट दिसू लागते. ओळखपत्राला तेवढे पुरते. तोच उजेड एका बाजूने आला म्हणजे मुखाला उंचसखलपणा येतो, आणि त्यासवे भावही.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी हे प्रयोग मोठ्या धिटाईने केले. त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. १८६३ च्या डिसेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कन्येने व जावयाने त्यांस कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइट बेटावरील घरी कोळशाच्या कोठीची अंधारखोली झाली आणि कोंबड्यांच्या खुराड्याची चित्रशाळा! त्या काळी काचेवरील ओला लेप वाळण्यापूर्वी चित्र घेऊन ते धुऊनही काढावे लागे; समोरच्या माणसास मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसावे लागे.

१८६७ साली बाईंनी वृद्ध खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे चित्र घेतले. हायपोने चित्र पक्के करण्याची युक्ती याच हर्शेलांची. बाईंनी त्यांना केस धुवायला लावले, म्हणजे पांढऱ्या बटा मोकळ्या होऊन त्यांवर उजेड खेळेल. अंगाभोवती काळे वस्त्र लपेटले. चित्रात दुर्बीण नाही, ग्रंथ नाहीत. काळोखातून केवळ एक मुख वर येते, आणि ते डोळे आयुष्यभर आकाश पाहिलेल्या माणसाचे आहेत हे पटते. समकालीन टीकाकारांनी बाईंच्या चित्रांना अस्पष्ट, अव्यवस्थित म्हणून नावे ठेवली. बालकांना पंख लावून देवदूत बनविलेली त्यांची चित्रे मलाही कृत्रिम वाटतात; परंतु हर्शेलांपुढे ती तक्रार उरत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग घरच्या मोबाईलवरही साधतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून गाळून येणारा मऊ उजेड यासाठी उत्तम. तशी खिडकी नसल्यास पातळ पांढरा पडदा लावावा. खोलीतील दिवे मालवावेत. माणसास खिडकीच्या बाजूला बसवून मुख हळूहळू उजेडाकडे वळवावे. सावलीतील गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटला की थांबावे. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने ही योजना ओळखली जाते. सावली फार काळी वाटली, तर त्या बाजूला पांढरा पंचा धरावा. अधिक गडद हवी असल्यास काळी शाल. मोबाईलच्या पडद्यावर उजळ गालावर बोट टेकवावे, म्हणजे सावलीचा काळेपणा टिकतो.

बाजूचा उजेड सुरकुती न् सुरकुती दाखवतो. आजोबांना ते भूषणच वाटेल. आजीला वाटेलच असे नाही. तिला चित्र दाखवून विचारावे. नको म्हणाली, तर तिचे तोंड सरळ खिडकीकडे करावे. सुरकुत्या आपोआप मावळतात.